मुंबई ते न्यूयॉर्क : साडेबारा हजार किलोमीटरचा दिवसवार हिशेब

१३ जून, घरी

मुंबई-न्यूयॉर्क हवाई अंतर साडेबारा हजार किलोमीटर. नेमकं सांगायचं तर सहारच्या विमानतळापासून केनेडी विमानतळापर्यंत १२,५३० ते १२,५५० किलोमीटर. या वीस किलोमीटरच्या फरकात चूक कोणाचीच नसते. पृथ्वी चेंडूसारखी पूर्ण गोल धरून, ६,३७१ किलोमीटर त्रिज्येने हिशेब केला तर लहान आकडा येतो. ध्रुवांकडे ती किंचित चपटी आहे हे धरलं तर थोडा मोठा. खरी गल्लत मैलांत होते. हेच अंतर ७,७९० मैल आहे आणि ६,७७० सागरी मैलही आहे. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी १.८५२ चा. सागरी मैलांचा आकडा साधे मैल समजून गुणला की उत्तर १०,९०० किलोमीटरच्या आसपास येतं आणि सोळाशे किलोमीटर हवेतच विरतात.

निघण्याआधी घरात पृथ्वीगोल असेल तर दोऱ्याचा एक तुकडा घ्या आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून धरा. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून पश्चिमेला सरळ रेघ मारली तर ती अरबस्तान, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को अशी जाते. ताणलेला दोरा तिथे राहतच नाही, तो उत्तरेला सरकतो. मुंबईतून वायव्येच्याही बरंच उत्तरेकडे तोंड करून तो निघतो आणि अफगाणिस्तानातलं हेलमंड, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्को, हेलसिंकी, नॉर्वेतलं ट्रॉन्डहेम, दक्षिण आइसलँड असा जातो. पुढे ग्रीनलंडच्या खालच्या टोकाला जेमतेम चुकवून लॅब्राडॉरमार्गे मेन राज्यात आणि तिथून न्यूयॉर्कला उतरतो. सर्वांत उत्तरेला तो जवळजवळ ६५ अंश अक्षांशापर्यंत चढतो. नकाशावरच्या सरळ रेघेने गेलं तर १४,२०० किलोमीटर पडतात, दोऱ्याच्या वाटेने साडेबारा हजार. नकाशात जी वाट वाकडी दिसते ती खरी जवळची, आणि हे एकदा दोऱ्याने डोळ्यांनी पाहिलं की कायमचं लक्षात राहतं.

या दोऱ्यावरून आज कुणीही तंतोतंत उडत नाही. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून रशियाचं आकाश युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झालं. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून सर्वच नागरी विमानांना बंद आहे. अफगाणिस्तानावर ऑगस्ट २०२१ नंतर नेहमीचं हवाई नियंत्रण उरलं नाही. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे परदेशी कंपनीचं विमान कराचीवरून जाऊ शकतं आणि भारतीय कंपनीच्या विमानाला अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. दोन शहरांमधलं अंतर तेच, पण शेपटीवरचं चिन्ह बदललं की वाट बदलते. म्हणून थेट विमानाला पंधरा तास लागणार की सतरा, हे जुन्या माहितीवर ठरवू नये. त्या आठवड्यात ते विमान प्रत्यक्षात किती वेळ हवेत होतं ते पाहावं.

थेट उड्डाणात आणखी एक मर्यादा असते, इंधनाच्या वजनाची. इतक्या लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या बोइंग ७७७-२००एलआरच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं. त्यातला मोठा हिस्सा बाकीचं इंधन वाहून नेण्यातच जळतो. वाट लांबली की इंधन वाढतं, आणि त्याची जागा माल किंवा प्रवासी कमी करून काढावी लागते. सामान मागे राहणं, मध्येच इंधनासाठी उतरावं लागणं हे प्रकार बहुतेक यातूनच होतात.

मध्ये एक थांबा घेतला तर अंतर फार वाढतं, अशी समजूत आहे. ती खरी नाही. लंडनमार्गे ७,२१० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७५०. फ्रँकफर्टमार्गे ६,५७० अधिक ६,१९०, म्हणजे १२,७६०. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०००, म्हणजे १२,९३०. अबू धाबीमार्गे १३,०००. सरळ वाटेपेक्षा सव्वादोनशे ते पावणेपाचशे किलोमीटर जास्त, म्हणजे हवेत जेमतेम पाऊण तासाच्या आतला फरक. मात्र सिंगापूरमार्गे जाणारं तिकीट स्वस्त दिसलं तर हात आखडता घ्यावा : ३,९२० अधिक सुमारे १५,३००, म्हणजे एकोणीस हजारांवर.

थांबा कुठे घ्यायचा हे अंतरावर न ठरवता प्रवाशावर ठरवावं. आई-बाबा पहिल्यांदाच एकटे चालले असतील तर अबू धाबीचा विचार जरूर करावा. अमेरिकेची पासपोर्ट आणि कस्टम तपासणी तिथेच होते आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं थेट बाहेर पडता येतं. ज्यांना बारा-तेरा तास सलग बसवत नाही त्यांनी युरोप घ्यावा, कारण तिथे प्रवासाचे जवळजवळ सारखे दोन तुकडे पडतात. १९६० साली एअर इंडियाने बोइंग ७०७ घेऊन न्यूयॉर्कची सेवा सुरू केली तीही लंडनमार्गेच, आणि तेव्हा केनेडी विमानतळाचं नाव आयडलवाइल्ड होतं.

पुढचा हिशेब पुण्याहून फ्रँकफर्टमार्गे न्यूजर्सीतल्या एडिसनचा आहे. वेळा या मार्गावर साधारण असतात तशा धरल्या आहेत.

१४ जून, पुणे ते सहार

तिकिटावर लिहिलेलं असतं : १५ जून, ०२:३०. या एका ओळीने जितकी विमानं चुकवली आहेत तितकी घाटातल्या कोंडीने चुकवली नसतील. पंधरा तारखेला रात्री निघायचं असं समजून माणसं चौदाला निवांत झोपतात. ०२:३० म्हणजे चौदाची रात्र. कॅलेंडरवर खूण १४ तारखेवर करावी आणि शेजारी लिहावं : संध्याकाळी घर सोडणे.

ही अवेळ का, याला कारण आहे. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ विमानं उतरायला बंदी आहे, आणि अमेरिकेकडे जाणारी विमानं तिथून सकाळी-दुपारी सुटतात. मुंबईच्या प्रवाशाला ती गाठायची तर सकाळी आठच्या सुमारास तिथे पोचायला हवं. नऊ तास मागे मोजले, साडेतीन तासांचा घड्याळातला फरक धरला, की मुंबईत रात्रीचे अडीच वाजतात.

पुण्याहून सहार दीडशे किलोमीटर. मोकळ्या रस्त्याला तीन तास, खंडाळ्याच्या घाटात ट्रक बंद पडला तर पाच. शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ असेल आणि पाऊस लागलेला असेल तर पाचच धरा. साडेपाचला निघालं की वाईटात वाईट साडेदहाला टर्मिनल २ येतं. सामान घेणारे काउंटर साधारण तीन-चार तास आधी उघडतात आणि उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतात. त्यानंतर विनवण्यांचा उपयोग नसतो, कारण सामान विमानात चढवण्याची आणि वजनाचा हिशेब बंद करण्याची वेळ उलटलेली असते.

या मार्गावर बऱ्याच तिकिटांत २३ किलोच्या दोन बॅगा असतात, पण तुमच्या तिकिटावर काय छापलंय तेच खरं. एका बॅगेत २६ आणि दुसरीत २० किलो असेल तर बेरीज बसते तरी चालत नाही. मर्यादा प्रत्येक बॅगेची आहे. घरी झुलत्या काट्यावर २२ ला थांबावं. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. २०,००० एमएएचची बँक ३.७ व्होल्टने गुणल्यावर ७४ वॉट-तास होते, मर्यादा १०० ची, म्हणजे चालते. पण आकडा पुसला गेलेली बँक तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. लोणचं आणि तूप विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत, झाकणाला चिकटपट्टी लावून. सुकं खोबरं घेऊ नये. त्यात तेल असल्याने ते पेट घेणाऱ्या पदार्थांत मोजतात. आखाती मार्गाने जाणाऱ्यांनी खसखस तर मुळीच नको; तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते.

ताजा कढीपत्ता, फळं, बिया, रोपं आणि मांस अमेरिकेत नेता येत नाही. कढीपत्ता लिंबूवर्गीय झाडांचा भाऊबंद आहे आणि त्याच्यावरून येणारी कीड तिथल्या संत्र्यांच्या बागांना लागते. हापूसबद्दल दरवर्षी विचारलं जातं. २००७ पासून भारतीय आंबा अमेरिकेत जातो, पण तो लासलगाव किंवा वाशीसारख्या मान्यताप्राप्त केंद्रात विकिरण करून, व्यापारी मालाच्या कागदपत्रांसह. हातातली पेटी कितीही प्रेमाने बांधली असली तरी कस्टममध्येच राहते. खाण्याचं काही जवळ असेल तर ‘आहे’ असं सांगावं. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात; लपवलेल्या वस्तूला दंड होतो.

ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर काउंटरवर पोचून मागू नये. तिकीट काढताना, निदान ४८ तास आधी, नोंदवावी, आणि दोन्ही टप्प्यांवर नोंद झाली आहे का ते बघावं. मुंबईला मिळाली म्हणजे फ्रँकफर्टला मिळेलच असं नाही.

१५ जून, साडेतेहतीस तासांचा दिवस

रात्री अडीचला विमान सुटतं. बहुधा पश्चिमेला तोंड करून उडतं, आणि जुहूचा किनारा संपला की दिवे संपतात. फ्रँकफर्टचा दोरा कराचीजवळून, इराण, कॅस्पियनचं दक्षिण टोक, जॉर्जिया आणि काळ्या समुद्रावरून ओडेसाला जातो. ओडेसा युक्रेनमध्ये असल्याने प्रत्यक्षात विमान आधीच दक्षिणेला वळून रुमानिया-बल्गेरियाच्या बाजूने युरोपात शिरतं. इराणवरून जायचं की त्याला वळसा घालायचा, हे त्या दिवसांतली परिस्थिती पाहून कंपनी ठरवते. ६,५७० किलोमीटरच्या टप्प्याला नऊ तास लागतात ते असे.

जेट विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास स्थिर असतो. जमिनीवरचा वेग वाऱ्यावर ठरतो. अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, म्हणून अमेरिकेकडे जाताना ते तोंडावर येतात. समोरून शंभरचा वारा असेल तर ९०० चे ८०० उरतात. ६,१९० किलोमीटरचा अटलांटिक टप्पा ८०० ने पावणेआठ तास, आणि शंभरचा वारा पाठीशी असेल तर सव्वासहा. जमिनीवर धावपट्टीची वाट पाहणं, चढणं-उतरणं धरलं की यात तासभर वाढतो. उन्हाळ्यात हे वारे मवाळ असतात, हिवाळ्यात फरक अधिक जाणवतो.

आत बसलेल्या शरीराला वेगळाच पल्ला गाठावा लागतो. केबिनमधला हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे प्रवासभर आपण कळसूबाईच्या शिखराहून उंच बसलेले असतो, आणि तेही राजस्थानातल्या उन्हाळ्यासारख्या कोरड्या हवेत. हवेतली आर्द्रता दहा-वीस टक्क्यांवर जाते. घसा सुकतो, पाय सुजतात. दर दोन तासांनी उठून चालावं, तासागणिक थोडं पाणी प्यावं. शिरांचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून दाब देणारे मोजे घालावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हा दिवस डॉक्टरांसमोर कागदावर मांडून घ्यायलाच हवा, कारण पश्चिमेला जाताना दोन डोसांमधलं अंतर लांबतं. औषधं पोटातल्या बॅगेत नको, हाताशी हवीत.

सकाळी आठला फ्रँकफर्ट. भारतातून येणारं आणि अमेरिकेला जाणारं, दोन्ही विमानं शेंगेनबाहेरची (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरची) असल्याने जर्मनीची पासपोर्ट तपासणी ओलांडावी लागत नाही. टर्मिनल १ मध्ये बी, सी आणि झेड ही अशा विमानांची दारं. झेड दारं ए दारांच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर आहेत. खाली ए कडे जाणाऱ्या लोंढ्याबरोबर गेलं की प्रवासी शेंगेनच्या पासपोर्ट रांगेत जाऊन उभा राहतो आणि अर्धा तास तिथेच जातो. पाटी वाचावी, लोंढा पाहू नये. हातातल्या सामानाची तपासणी पुन्हा होते, आणि मुंबईत भरलेली पाण्याची बाटली इथे अडकू शकते. विमानतळ ४५ मिनिटांत विमान बदलता येतं असं मानतो. तरुण, एकटा, हलका माणूस ते करेलही. कुटुंबाने अडीच ते तीन तास ठेवावेत. अमेरिकेच्या विमानाआधी दाराशी वेगळी विचारपूस होते. बोर्डिंग पासवर चार इंग्रजी ‘एस’ छापलेले असतील तर जादा तपासणी होणार; घाबरण्यासारखं त्यात काही नाही, वीस मिनिटं लवकर पोचावं.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असणं मात्र अत्यंत महत्त्वाचं. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची जागा देणं मग कंपनीवर असतं. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडली की तो भार आपल्यावर येतो. शिवाय बॅग घ्यायला जर्मनीत प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी व्हिसा लागतो.

अकराला अटलांटिकचा टप्पा सुरू होतो. दोरा केंब्रिज, डब्लिन, मग थेट न्यूफाउंडलंडमधलं गँडर. मधल्या समुद्रावर रडार पोचत नाही, म्हणून तिथे रोज वाऱ्यांचा अंदाज घेऊन समांतर हवाई मार्ग आखले जातात. आखणी दोन ठिकाणी होते : युरोपच्या बाजूला शॅनविक, कॅनडाच्या बाजूला गँडर. पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी मार्ग दिवसा, पूर्वेला येणाऱ्यांसाठी रात्री. जाताना खिडकीत सतत ऊन आणि येताना अंधार, हे या वेळापत्रकातूनच येतं. दोन इंजिनांचं विमान एक बंद पडलं तरी ठरलेल्या वेळेत उतरू शकेल असा एखादा तळ कायम आवाक्यात असावा लागतो : शॅनन, केफ्लाविक, गँडर, गूस बे. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा एकट्या गँडरला ३८ प्रवासी विमानं उतरली. त्या छोट्या गावाकडे एवढी लांब धावपट्टी होती ती याच समुद्राच्या रुंदीमुळे.

खिडकीजवळ बसलेल्यांनी सूर्याकडे लक्ष ठेवावं. ५४ अंश अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे ९८० किलोमीटरने पूर्वेला फिरतो आणि विमान आठशे-साडेआठशेने पश्चिमेला धावतं. सूर्य जवळजवळ जागीच राहतो. जवळजवळ पावणेनऊ तास उडूनही स्थानिक घड्याळ अकरावरून फक्त १:४० पर्यंत सरकतं. भारताशी न्यूयॉर्कचा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे ही १५ जून तारीख प्रवाशासाठी साडेतेहतीस तास चालते. झोपेची गणितं चुकतात ती इथे.

केनेडीला रांग दीड-दोन तासांची असू शकते. जवळ राहण्याच्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता, फोन आणि परतीचं तिकीट कागदावर असावं. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते. अधिकारी किती दिवसांचा मुक्काम मंजूर करतो ते आय-९४ नोंदीत असतं. पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका वेळचा मुक्काम सहसा सहा महिन्यांचा. व्हिसाची तारीख पाहून राहणारे इथे चुकतात आणि पुढच्या वेळी ते फार महागात पडतं. दुसऱ्याच दिवशी नोंद तपासून घ्यावी.

आता शेवटचे सत्तर किलोमीटर. केनेडी न्यूयॉर्कच्या पूर्व टोकाला आणि एडिसन नदीपलीकडे न्यूजर्सीत. बेल्ट पार्कवे, व्हेराझानो पूल, स्टेटन आयलंड, गोथल्स पूल. संध्याकाळी दोन तास सहज. मुलं एडिसनला असतील तर न्यूअर्क विमानतळाचं तिकीट पाहावं. मुंबईपासूनचं अंतर जवळजवळ तेच, आणि एडिसन तिथून तीस किलोमीटरच. घरी पोचेपर्यंत संध्याकाळचे पाच, पुण्यात रात्रीचे अडीच. दारापासून दारापर्यंत तेहतीस तास झाले. एवढ्या वेगवान विमानांनी जाऊनही सरासरी ताशी ३९० किलोमीटरच पडते.

१६ ते १८ जून, एडिसन

पहाटे तीनला जाग येते, दुपारी चारला डोळे मिटतात. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं. दुपारी झोपू नये, संध्याकाळी उजेडात चालावं, रात्री नऊपर्यंत ताणावं. ज्येष्ठांना चौथ्या दिवसापर्यंत लांबच्या सहलीला नेऊ नये.

२८ ते ३० जून, परत

रात्री साडेनऊला निघालं की वारा पाठीशी येतो. ९ फेब्रुवारी २०२० ला वादळाच्या वाऱ्यावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. जमिनीच्या हिशेबाने त्याने ताशी १,३०० पार केले, पण हवेच्या तुलनेत त्याचा वेग नेहमीचाच होता. म्हणून ध्वनीची भिंत वगैरे काही फुटली नाही. जूनमध्ये एवढं नाही, तरी फ्रँकफर्ट साडेसात तासांत येतं. सकाळी अकराला उतरून दुपारी १:१० ला मुंबईचं विमान, आणि आठ तासांनी सहार. जाताना वीस तास चाळीस मिनिटं लागली होती, येताना सतरा तास चाळीस.

पोचण्याची वेळ ३० जून, ००:४०. न्यायला येणाऱ्याने २९ च्या रात्रीच पुणे सोडायचं आहे; हे त्याला तारखेने न सांगता वाराने सांगावं. बॅगा घेऊन बाहेर यायला दोन वाजतात. जूनअखेरीस घाटात धुकं आणि पाऊस असतो, आणि ड्रायव्हरही रात्रभर जागलेला असतो. टर्मिनलवर चहा घेऊन, त्याला तासभर सीट मागे टाकून झोपू द्यावं आणि उजाडताना खंडाळ्याला पोचता येईल अशा बेताने निघावं.